मानस

शब्दकोशात मानस म्हणजे मन, नपुंसकलिंगी.
चोडणला मानस म्हणजे दार, आमच्याकडे ती स्त्रीलिंगी:
चिऱ्यांच्या चौकटीत माट्टीच्या दोन फळ्या,
भरती आली की आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात, शेतातलं पाणी नदीला देतात.

मी ताळगावच्या पठारावर, एसी बिघडलेल्या खोलीत
मेंदूतल्या पाण्याचं गणित मांडते.
बांबोळीहून चित्रं येतात, नावं पुसून.
रुग्ण सतरा. पुरुष. वय एकाहत्तर.
पोकळ्या फुगलेल्या. चालताना पाय जमिनीला चिकटतात.
एवढीच टीप.

त्या डोक्याचे मी साडेनऊ लाख चौफलक केले.
प्रत्येकात दाब, प्रत्येकात वेग,
प्रत्येकाचं शेजाऱ्याशी देणंघेणं.
पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं,
हे एक वाक्य.
उरलेली चाळीस पानं सीमेवरच्या अटींची:
कुठे भिंत, कुठे झिरप, कुठे एकतर्फी दार.

दिवसाला अर्धा लिटर पाणी आतल्या आत तयार होतं
आणि कधीही मोजा, असतं जेमतेम पेलाभर.
बाकीचं कुठल्या वाटेनं जातं यावर अजून भांडणं आहेत.
म्हणतात, झोपेत फटी रुंदावतात,
दिवसभराचा गाळ धुऊन निघतो.
म्हणतात.
समीकरणात 'म्हणतात' लिहिता येत नाही, आकडा लिहावा लागतो.
झिरपण्याचा आकडा दोन निबंधांत शंभरपट वेगळा.
मी मधला घेतला.
का, ते कुणी विचारलं नाही.

इनास कुलासोनं तीस वर्षं मानस सांभाळली.
पावणीत दर वेळी बोली त्याचीच.
रात्री कंदील टांगून जाळं लावायचा, सुंगटं धरायचा,
आणि पहाटे बांधावरून अनवाणी चालत जायचा.
कुर्लीनं कुठे बीळ पाडलंय ते त्याच्या टाचेला कळायचं.
तिथंच बसून चिखल आणि पेंढा थापायचा,
मला पेंढा धरायला लावायचा.
गेल्या पावसाळ्याआधी फेरीबोटीच्या उतारावर
तो उभाच राहिला. पाय उचलेना.
मागे स्कूटरवाल्यांनी भोंगे वाजवले.

सतरा तोच का, मी विचारलेलं नाही.
विचारायचं नसतं, तशा कागदावर माझी सही आहे.

तीन आठवडे उत्तर जुळत नव्हतं.
प्रत्येक फेरीत दाब वाढत जायचा,
शेवटी पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा.
चूक माझ्या दाराची होती.
मी ते वेळेवर उघडत होते, ठरलेल्या सेकंदाला,
नीट, शिस्तीत.

मी सातवीत असताना त्याला विचारलं होतं,
भरतीचं पंचांग तुला पाठ आहे का?
तो जाळं झटकत म्हणाला,
"म्हाका कित्याक? उदकाक सगळें खबर आसता."

घड्याळ काढलं. दाराला फक्त दोन्हीकडचा दाब दिला.
पहाटे तीन चाळीसला आकडे स्थिरावले.
टाळी वाजवायला कुणी नव्हतं.
थंड झालेला चहा प्यायले.

आता सतराच्या डोक्यात नळी बसवणार,
कानामागून पोटापर्यंत, मध्ये बटणाएवढी झडप.
झडप किती मिलिमीटर पाण्याला उघडावी?
डॉक्टरांचे स्वतःचे तक्ते आहेत, तरी विचारतात.
मी आकडा कळवला.
सोबत चुकीची शक्यता कळवली,
ती आकड्यापेक्षा फार लहान नव्हती.

मग दोन महिने काही कळलं नाही.

रविवारी पलीकडे गेले.
मानशीजवळ एक नवा पोरगा मोबाईलवर भरतीची वेळ बघत होता.
कोरगुटाचं शेत गुडघाभर हिरवं.
इनासबाब लांब, बांधाच्या टोकाला,
उन्हं उतरली तरी टोपी कानांवर ओढलेली.

मी टोपीकडे पाहिलं नाही.
पायांकडे पाहिलं.
उजवा जमिनीपासून सुटला.
बराच वेळ गेला.
मग डावा.